बटण क्रमांक सतरा आणि रकाना चार

मानवी संस्कृतीची प्रगती मोजण्याचे एकच विश्वसनीय परिमाण आहे: मनुष्य दिवसातून किती वेळा बसल्या जागेवरून उठतो. आदिमानव अन्नासाठी उठत असे, वाघ दिसला की उठत असे, आणि कंटाळा आला तरी उठून गुहेच्या भिंतीवर बैल रंगवत असे. आज आपल्याला यांपैकी कशासाठीही उठावे लागत नाही. उठावे लागते ते फक्त रिमोट शोधण्यासाठी.

आमच्या घरी हे उठणे दिवसाला सरासरी एकोणीस वेळा घडत असे. (पंधरा दिवसांची नोंद. रविवार वेगळा धरला आहे, कारण रविवारी माणसे स्वतः उठत नाहीत, एकमेकांना उठवतात.) रिमोट एकूण सात होते. टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा, स्पीकरचा, पंख्याचा, बैठकीतल्या दिव्याचा, एसीचा. आणि सातवा कशाचा आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. मात्र हरवला की सर्वाधिक शोधाशोध त्या सातव्याचीच होई.

मी तंत्रनिकेतनात तीन वर्षे नियंत्रणशास्त्र शिकलो आणि पुढे छत्तीस वर्षे एका कागद कारखान्याच्या बॉयलर विभागात नियंत्रण कक्ष सांभाळला. तिथे एकशे चार झडपा, नऊ पंप आणि एक तापट मुख्य अभियंता मी एकाच टेबलावरून हाताळत असे. अशा माणसाने निवृत्तीनंतर उशीखाली हात घालून स्पीकरचा रिमोट चाचपत बसावे, ही राष्ट्रीय मनुष्यबळाची नासाडी आहे असे माझे नम्र मत झाले. सबब, सातही रिमोटांचे काम एकट्याने करणारा, हवा तसा घडवता येणारा सर्वकामी रिमोट घ्यायचा, असा ठराव मी घरात मांडला. ठराव एकमताने मंजूर झाला. (मत माझे होते. बाकीची मंडळी त्या वेळी रिमोट शोधत होती.)

खरेदी घाईने करू नये. मी तीन नमुने निवडले, बावीस निकषांचा तक्ता केला आणि प्रत्येक निकषास भार दिला: पकड, वजन, बटणांचा उठाव, बटणांचा आवाज, आवाज नको असल्यास त्याचा अभाव, घामेजल्या बोटास प्रतिसाद, सोफ्याच्या फटीत न जाण्याइतकी जाडी. हा तक्ता घेऊन मी दुकानात पाच वेळा गेलो. विक्रेता सुरुवातीला "या साहेब" म्हणत असे, तिसऱ्या फेरीस "या" आणि पाचव्या फेरीस नुसतेच वर बघत असे.

"काका, यातला कुठलाही घ्या," तो अखेर म्हणाला. "तिन्ही एकाच कारखान्यात होतात."

"मग फरक?"

"डबा."

मी डब्यासाठी तेविसावा निकष घातला आणि निर्णय झाला. निवडलेल्या रिमोटला सेहेचाळीस बटणे होती. जुना रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबले की तो ती आज्ञा शिकून घेई. एका बटणात एकापाठोपाठ एक पंधरा आज्ञा साठवता येत. शिवाय त्याच्या पोटात हालचाल ओळखणारा एक संवेदक होता: रिमोट हलवला की त्याला कळे, आणि कळल्यावर त्याने काय करावे हे मालकाने ठरवायचे. माणसाबाबत ही सोय अद्याप उपलब्ध नाही.

आता बटणांचे वाटप. बटणे सेहेचाळीस आणि माणसे पाच: मी, आमच्या सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई आणि माझी थोरली बहीण, आक्का. वाटपात पक्षपात होऊ नये म्हणून मी 'नमुना अ' हा अर्ज तयार केला. रकाना एक, अर्जदाराचे नाव. रकाना दोन, अर्जदाराचे घरातील स्थान (सोफा, खुर्ची, इतर). रकाना तीन, मागणी. रकाना चार, मागणीचे खरे कारण. सर्वांत खाली ठळक अक्षरांत: 'एकही रकाना कोरा असल्यास अर्ज फेटाळण्यात येईल. याबाबत कोणतेही नाते विचारात घेतले जाणार नाही.'

चिरंजिवांनी चौदा बटणे मागितली आणि कारण म्हणून 'खेळ' लिहिले. सूनबाईंनी चिरंजिवांची बटणे बंद करण्याचे एक बटण मागितले. सौभाग्यवतींनी अर्ज घेतला, त्याच्या पाठीमागे वाणसामानाची यादी लिहिली आणि तो मलाच परत देऊन बाजारात पाठवले. सातव्या रिमोटच्या वतीने मी स्वतः अर्ज केला. त्यास सेहेचाळिसावे बटण मिळाले. ते दाबल्यास आमच्या घरी काहीही होत नाही. समोरच्या इमारतीत मात्र कोणीतरी "परत?" असे ओरडते.

आक्काचा अर्ज एका ओळीचा होता. 'मला एकच बटण पाहिजे. संध्याकाळी सातचं.' कारण: 'थोरल्या बाई.'

इथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आक्काचे वय अठ्ठ्याहत्तर. अकरा वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले आणि ती आमच्याकडे राहायला आली. त्याच आठवड्यात संध्याकाळी सात वाजता एक मालिका सुरू झाली. पहिल्याच भागात थोरल्या बाई नावाच्या विधवेने एक बंद लिफाफा लोखंडी कपाटात ठेवला, किल्ली कमरेला लावली आणि सुनांना सांगितले, "मी सांगेन तेव्हाच उघडायचा." आक्का आमच्या घरात नवखी होती आणि थोरल्या बाई टीव्हीत नवख्या होत्या. दोघींचे जमले. तेव्हापासून तीन हजारांहून अधिक भाग झाले, दोन सुना बदलल्या, एक मुलगा दोनदा मेला; लिफाफा बंद तो बंद. आता मालिका संपणार होती. शेवटच्या भागात लिफाफा उघडणार असे जाहीर झाले होते. तारीख ठरली: शनिवार, संध्याकाळी सात.

(मी ती मालिका पाहत नाही. मी त्या वेळी त्याच खोलीत वर्तमानपत्र वाचतो. वरील तपशील कानावर पडलेले आहेत.)

"बाळ्या," आक्का म्हणाली. मी एकोणसत्तर वर्षांचा आहे, पण आक्काच्या दप्तरी त्याची नोंद नाही. "शनिवारपर्यंत तुझं ते झेंगट सुरळीत चालू होणार ना? नाहीतर आहे ते राहू दे. मी वाट बघून बघून म्हातारी झाले, शेवटी घोटाळा नको."

"आक्का, छत्तीस वर्षांत माझ्या हातून बॉयलर एकदाही बंद पडला नाही."

"बॉयलरमध्ये थोरल्या बाई नव्हत्या," ती म्हणाली.

तिला मी बटण क्रमांक सतरा दिले आणि ओळखायला सोपे जावे म्हणून त्यावर सूनबाईंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. हे बटण म्हणजे माझ्या कारकिर्दीचा अर्क होता. ते एकदा दाबले की आधी पंखा वेगात फिरे. मग एक मिनिट विश्रांती. मग सेट-टॉप बॉक्स. दीड मिनिट विश्रांती. मग टीव्ही, मग स्पीकर, मग दिवा मंद, मग योग्य वाहिनी, आणि प्रत्येक टप्प्यानंतर खातरजमेपुरता विराम. एकूण कालावधी चार मिनिटे वीस सेकंद. मध्येच थांबवण्याची सोय जाणीवपूर्वक ठेवलेली नव्हती.

"बाबा, टीव्ही तर तीन सेकंदांत लागतो," चिरंजीव म्हणाले.

"बॉयलर पेटवण्यापूर्वी पंखा फिरवून भट्टीतला वायू बाहेर काढावा लागतो. नाहीतर स्फोट होतो."

"टीव्हीत कुठली भट्टी?"

टीव्हीत भट्टी नसते हे मला मान्य आहे. परंतु ती नाही म्हणून तिच्यासाठीची काळजी घ्यायचीच नाही, ही वृत्ती देशाला कुठे घेऊन जाईल?

आता माझ्या कामातल्या सर्वांत सूक्ष्म भागाकडे येतो. वापरणारा माणूस प्रत्यक्षात काय करतो हे पाहिल्याशिवाय यंत्र घडवू नये, असे आम्हाला तंत्रनिकेतनात शिकवले होते. मी पंधरा दिवस वही घेऊन घरच्यांचे निरीक्षण केले. एकूण चारशे बारा वेळा रिमोट हाताळला गेला. त्यांपैकी तीनशे एकाहत्तर वेळा बटण दाबण्यापूर्वी तो तळहातावर आपटण्यात आला. सेल नवे असोत की जुने, रिमोट चालू असो की नसो, आधी आपटणे, मग दाबणे. या विधीला मी 'पूर्वताडन' असे नाव दिले. विद्युतशास्त्रात त्यास कोणताही आधार नाही. पण लोकांच्या श्रद्धेची थट्टा करणारा मी नव्हे. मी तिला कामाला लावले. संवेदक होताच. एकताडन, म्हणजे रिमोट एकदा आपटला, की रिमोट जागा होई. द्विताडन झाले की आपत्कालीन बंद: टीव्ही, स्पीकर, दिवा, पंखा, सगळे एका क्षणात ठप्प. संकटात माणसाला लाल बटण सापडत नाही, हाताशी आहे ते तो आपटतो, हे मी कारखान्यात पाहिले होते. ही माहिती पुस्तिकेच्या पान तेवीसवर चौकटीत दिली होती. पुस्तिका एकतीस पानांची होती आणि प्रत्येकाकडून पोहोच घेतली होती.

चाचणी मी चाळीस वेळा घेतली. चाळीसही वेळा यशस्वी. (चाचणी मी एकट्यानेच घेतली. मला रिमोट आपटण्याची सवय नाही.)

नियंत्रण एकाच ठिकाणी हवे, हा आमच्या व्यवसायातला पहिला नियम. म्हणून जुने सातही रिमोट मी डब्यात घातले, डब्यास दोरी बांधून लाख लावली, वर माझी व चिरंजिवांची संयुक्त स्वाक्षरी घेतली आणि डबा माळ्यावर टाकला. त्यांतले सेल काढून घड्याळांना दिले. टीव्हीच्या अंगावरची बटणे सेटिंगमध्ये जाऊन कुलूपबंद केली. कोणी थेट यंत्राला हात लावू लागले की नियंत्रण कक्षाला अर्थ राहत नाही.

शनिवार उजाडला. सौभाग्यवतींनी सगळी कामे पाचलाच उरकली. चिरंजीव कामावरून लवकर आले, कारण त्यांचे डोके दुखत होते. (सात वाजता थांबले.) सूनबाईंनी आक्काच्या पाठीशी दोन उशा ठेवल्या. मी वर्तमानपत्र घेतले. सहा वाजून पन्नास मिनिटांनी आक्काने लाल ठिपक्यावर बोट टेकवले. पंखा घोंघावला, विश्रांती झाली, बॉक्स जागा झाला, विश्रांती झाली, टीव्ही उजळला, दिवा मंदावला. सहा चोपन्नला पडद्यावर साबणाची जाहिरात सुस्पष्ट दिसू लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

सात वाजून चोवीस मिनिटांनी थोरल्या बाईंनी कमरेची किल्ली काढली. कपाट उघडले. लिफाफा हातात घेतला. थोरल्या बाई लिफाफ्याकडे पाहून काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणाल्या गं?" आक्काने विचारले.

"आवाज वाढवा आत्या, आवाज!" सूनबाई म्हणाल्या.

आक्काने रिमोट उचलला. गेली कित्येक वर्षे ती जे करत आली होती तेच तिने केले. तळहातावर आपटला. फट. फट.

अंधार झाला. पंखा मंदावत मंदावत थांबला. मी अभिमानाने नमूद करतो की यंत्रणेने पाच दशांश सेकंदात, पूर्णतः अपेक्षेप्रमाणे काम केले.

"बाळ्या!"

"घाबरू नका. आपत्कालीन बंद झालेले आहे. पान तेवीस."

"अहो, लावा आधी ते!" सौभाग्यवती ओरडल्या.

मी सतरा क्रमांक दाबला. पंखा वेगात फिरू लागला. भट्टी मोकळी होत होती.

"बाबा, जुना रिमोट!"

"तो सीलबंद आहे. स्टूल घे. सूनबाई, स्टूल धरा. अहो, तुम्ही बॅटरीचा उजेड पुस्तिकेवर पाडा, मला सील फोडण्याचे कलम बघायचे आहे."

अशा रीतीने प्रत्येकाला काम नेमून दिले गेले. संकटकाळी हे फार महत्त्वाचे. एकच व्यक्ती कामाविना राहिली आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा मला वाटले, वाऱ्याने उघडले.

आक्काचे गुडघे गेली दोन वर्षे कामातून गेलेले आहेत. चौदा महिन्यांत ती फक्त डॉक्टरांकडे जायला जिना उतरली होती, तीही दोन माणसांच्या आधाराने, पायरीपायरीला थांबून. त्या संध्याकाळी ती दोन मजले, छत्तीस पायऱ्या, एकटी उतरली. माझ्या हातात घड्याळ होते, दार वाजल्यापासून खाली शिंप्याच्या दुकानातून "अहो आक्का, सावकाश!" असे ऐकू येईपर्यंत अठ्ठावन्न सेकंद झाले. शिंप्याकडे मशीनच्या वर फळीवर एक छोटा टीव्ही आहे. त्याला रिमोट नाही. चालू करायचा तर खुर्चीवर चढावे लागते, म्हणून तो कधी बंदच करत नाही.

लिफाफा एव्हाना उघडून झाला असेल, अशी वाचकांना शंका येईल. या मालिकेत पूर्वी एक दार उघडायला दोन भाग लागले होते. (कानावर पडलेले.) थोरल्या बाईंनी लिफाफा हातात घेणे आणि फाडणे यांत पुरेसा वेळ होता. फक्त चार मिनिटे वीस सेकंद नव्हता.

सात एकोणतीसला आमचा पडदा उजळला. त्यावर आभार मानण्याचे चालले होते. प्रकाशयोजना साहाय्यक, दागिने, वाहनव्यवस्था. आम्ही चौघांनी ती यादी शेवटपर्यंत, अतिशय लक्षपूर्वक वाचली.

बारा मिनिटांनी शिंपी आक्काला हात धरून वर घेऊन आला. ती खुर्चीत बसली. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना.

"आत्या, काय निघालं लिफाफ्यात?"

"पाणी दे आधी."

पाणी प्यायली. पेला खाली ठेवला. पदराने तोंड पुसले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाळ्या, तुझा तो नमुना अ आहे ना? आण. ज्याला ज्याला कळायला हवंय त्यानं अर्ज करावा. अगदी एकही रकाना कोरा नको."

आम्हाला वाटले, गंमत करते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो भाग पुन्हा दाखवणार होते. आम्ही सगळे बसलो. आक्का रिमोट मांडीवर घेऊन बसली. थोरल्या बाईंनी लिफाफा फाडला, आत बोटे घातली, आणि आक्काने शांतपणे, माझ्याकडे बघत, रिमोट तळहातावर आपटला. दोनदा. यंत्रणेने पुन्हा निर्दोष काम केले.

चिरंजीव शिंप्याकडे चौकशीला गेले. शिंपी म्हणाला, "मी काजं करत होतो, मान वर केली नाही. पण आक्का 'हात्तिच्या!' म्हणाल्या, ते ऐकलं." या एका शब्दावर आमच्या घरी तीन दिवस चर्चा झाली. मृत्युपत्र निघाले तर माणूस 'हात्तिच्या' म्हणेल का? प्रेमपत्र निघाले तर? रिकामाच निघाला तर?

चौथ्या दिवशी स्वयंपाकघराचे दार लावून सूनबाईंनी मोबाइलवर तो भाग लावला. आतून सौभाग्यवतींचे "अगं बाई!" आणि मग दोघींचे हसणे ऐकू आले, ते थांबेचना. बाहेर आल्यावर दोघी आक्काच्या बाजूला जाऊन बसल्या. त्या आता तिच्या खात्यात रुजू झाल्या होत्या. चिरंजिवांनी रीतसर अर्ज केला. कारण: 'झोप लागत नाही.' मंजूर. आक्काने कानात सांगितले. चिरंजीव उडी मारून म्हणाले, "काय सांगतेस!" आणि मग जेवताना मध्येच एकटेच हसू लागले.

मी अर्ज तिसऱ्याच दिवशी केला होता. पहिले तीन रकाने माझ्या सुवाच्य अक्षरांत होते. चौथा मी कोरा ठेवला. आक्काने चष्मा लावून तो वाचला आणि परत दिला. "अपूर्ण. याबाबत कोणतंही नातं विचारात घेतलं जाणार नाही."

"आक्का, मला नुसती तांत्रिक माहिती हवी आहे."

"मग तसं लिही."

तसे लिहिले. कारण: 'यंत्रणेच्या अपयशाचा अभ्यास.' फेटाळला. शेरा: 'रकाना म्हणतो खरे कारण.'

नऊ दिवस मी वर्तमानपत्र वाचले. संध्याकाळी सात ते साडेसात या वेळेत आता स्वयंपाकाचा कार्यक्रम लागे, आणि त्या खोलीत वर्तमानपत्र वाचणे मला विचित्र अवघड जाऊ लागले. दहाव्या दिवशी मी नवा नमुना घेतला, पेनाचे टोपण काढले आणि रकाना चारमध्ये लिहिले: 'गेली अकरा वर्षे संध्याकाळी सात ते साडेसात मी वर्तमानपत्र वाचत नव्हतो.'

आक्काने वाचले. बराच वेळ वाचले.

"माहीत होतं रे," ती म्हणाली. "अर्ध्या तासात एकदाही पान उलटायचा नाहीस. एकीला दोघं होतो, म्हणून तर बरं वाटायचं." मग बोटाने जवळ बोलावले. "ये इकडे, बाळ्या."

आणि तिने मला सांगितले. मी खाली बसलो. मग हसू लागलो, आणि हसता हसता रिमोट उचलून कपाळावर दोनदा मारून घेतला. घर अंधारात बुडाले आणि अंधारात आम्ही पाचही जण हसत होतो.

यंत्रणेत त्यानंतर एकच सुधारणा केली आहे: डब्याचे सील फोडून टीव्हीचा जुना रिमोट आक्काच्या उशीखाली ठेवला आहे. ती तो मनसोक्त आपटते.

आता लिफाफ्यात काय होते, हा प्रश्न. वाचकांपैकी कोणीही असल्या मालिका पाहत नाही, हे मी जाणून आहे. आपण हा मजकूर केवळ रिमोटविषयीच्या आस्थेपोटी इथवर वाचला. त्यामुळे उत्तर देऊन आपला वेळ दवडणे मला योग्य वाटले नाही. तथापि, गेल्या काही परिच्छेदांत ज्यांची नजर 'लिफाफा' हा शब्द शोधत भराभर खाली सरकली, त्यांच्यासाठी नमुना अ माझ्याकडे मुबलक उपलब्ध आहे. अर्ज सुवाच्य अक्षरांत भरावा. रकाना चार कोरा ठेवू नये.